डबा उघडायच्या आधी जरा बस

तो पावडरीचा डबा अजून उघडला नाहीस ना? मग काहीच बिघडलं नाही. ठेव तिकडे कोपऱ्यात आणि बस माझ्याजवळ. तुझी घालमेल कळते गं मला. मुर्रीहून पहाटे सायकल काढायची, गोंदियाच्या मैदानावर दोन तास घाम गाळायचा, परत येऊन कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव. त्यात जिममधला दादा सांगतो प्रोटीन घे, मैत्रीण सांगते क्रिएटिन घे, शेजारची काकू कुठलंसं ताकदीचं चूर्ण आणून देते. राज्य स्पर्धा तोंडावर आली की वाटतं, बाकीच्या सगळ्या काहीतरी घेतायत आणि आपणच मागे राहणार. बघ, तसं नाहीये.

खरं सांगू का, आधी एकच नियम डोक्यात पक्का बसव, बाकीचं सगळं त्यावरून समजतं. डोपिंगच्या चाचणीत तुझ्या लघवीच्या नमुन्यात जे सापडेल, त्याला जबाबदार तू. डबा कुणी दिला, डब्यावर काय लिहिलं होतं, सर काय म्हणाले होते, हे सगळं नंतर येतं. त्याने शिक्षा कमी होऊ शकते, पण पदक परत मिळत नाही. आणि शिक्षा लहान नसते बाई. स्टेरॉइडसारखं काही सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी. एकोणिसाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे काय, ते तू आणि मीच जाणतो.

2010 ची ती सोन्याची रिले तुला सरांनी सांगितली असेल. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी चार गुणिले चारशेमध्ये सुवर्ण जिंकलं, लगेच ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतही. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, त्या दिल्लीच्या चौघींपैकी तिघी स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या, शिवाय संघातल्या आणखीही काही जणी. त्यांचं म्हणणं होतं की परदेशी प्रशिक्षकाने चीनमधून आणलेलं जिनसेंग घेतलं, त्यातून हे झालं. आपल्याकडच्या समितीने ते बरंचसं ऐकून घेतलं आणि एक वर्षाची बंदी दिली. पण प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेलं, तिथे दोन वर्षं झाली. लंडनचं ऑलिंपिक हातचं गेलं. मुळी, चूर्ण, काढा असं नाव असलं की आपल्याला ते घरचं वाटतं, म्हणून ही गोष्ट मी तुला मुद्दाम सांगते. प्रशिक्षकावर विश्वास ठेवणं यात त्या मुलींचं काय चुकलं, असं मला आजही वाटतं. पण नियमाला त्याचं काही नसतं.

आपल्या महाराष्ट्राचा पैलवान नरसिंग यादव, तीन वेळा महाराष्ट्र केसरी. 2016 मध्ये रिओला निघायच्या आधी त्याच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. त्याचं म्हणणं, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं. देशातल्या समितीने त्याला सोडलंही. पण 18 ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओत लवादाने निकाल दिला की कुणी मिसळल्याचा पुरावा नाही, आणि चार वर्षांची बंदी घातली. म्हणून सांगते, आपली पाण्याची बाटली मैदानावर उघडी टाकून फेरी मारायला जायचं नाही. परत आल्यावर ती बाटली नको, नवी घे. यात कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही, ही फक्त सवय आहे.

आता पृथ्वी शॉचं ऐक, कारण हे आपल्या घरात रोज घडू शकतं. मुंबईचा एवढा गुणी क्रिकेटपटू पोरगा. 2019 च्या फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत त्याची चाचणी झाली आणि टर्ब्युटलिन सापडलं. पावडर नाही, इंजेक्शन नाही, खोकल्याचं औषध! बीसीसीआयने मान्य केलं की त्याने ते खोकल्यासाठीच घेतलं होतं, तरी आठ महिन्यांची बंदी झाली. आता तू सांग, आपल्याकडे धानाच्या मळणीच्या दिवसांत धुळीने कुणाला खोकला होत नाही? औषधाच्या दुकानात जाऊन 'खोकल्याचं काहीतरी द्या' म्हटलं की जी बाटली हातात येते, तिच्यात बऱ्याचदा हेच टर्ब्युटलिन असतं. तेव्हा दुकानातून बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाच. कळलं नाही तर फोटो काढून मला पाठव, रात्री अकराला पाठवलास तरी चालेल.

नाडाचं, म्हणजे आपल्या देशात या चाचण्या करणाऱ्या संस्थेचं, 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, ते मोबाइलमध्ये घेऊन ठेव. औषधाचं नाव टाकलं की त्यात बंदी असलेलं काही आहे का ते कळतं. आणि बंदीची यादी दर 1 जानेवारीला नव्याने लागू होते, म्हणून मागच्या वर्षी चाललेलं औषध यंदाही चालेलच असं धरायचं नाही. ट्रॅमाडॉल नावाची दुखण्याची गोळी बघ, स्पर्धेच्या काळात ती 2024 पासून बंद झाली. आधी सर्रास घ्यायचे.

आणि सलाइन. हो, सलाइन. अशक्तपणा आला, चक्कर आली की आपल्याकडे गावातल्या दवाखान्यात पहिली गोष्ट म्हणजे बाटली लावतात. आई समाधानाने घरी येते, पोरीला सलाइन लावलं म्हणून. तुझ्यासाठी मात्र बारा तासांत शंभर मिलीपेक्षा जास्त सलाइन हाच नियमभंग आहे, आत नुसतं मीठपाणी असलं तरी. आपली साधी बाटलीच पाचशे मिलीची असते. रुग्णालयात रीतसर उपचार चालू असतील तर सूट आहे, जिवावर बेतलं तर नियमाचा विचारही करू नको. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी 'ताकदीसाठी' सलाइन नको म्हणजे नको. ओआरएस पी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पी.

दमा असेल किंवा कायमचं एखादं औषध चालू असेल, तर ते भीतीने बंद करू नकोस. त्यासाठी आधी अर्ज करून परवानगी मिळते, डॉक्टरांची कागदपत्रं लागतात. पोलीस भरतीच्या पोरांमध्ये मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं चालतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. तिकडे फिरकू नकोस. हृदयाचं वाटोळं होतं, आणि बंदीच्या यादीत तर ते आहेच.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. स्पर्धेच्या तारखेला पाळी येऊ नये म्हणून मुली नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतात. ती गोळी बंदीच्या यादीत नाही, तेव्हा घाबरू नको. पण डॉक्टरांना विचारूनच घे आणि चाचणीच्या फॉर्मवर तिचं नाव लिही. शरीरात त्या गोळीतून स्टेरॉइडसारख्याच एका पदार्थाचा अंश तयार होऊ शकतो. गोळीचं नाव आधीच लिहिलेलं असलं की गोंधळ होत नाही. लाजायचं नाही त्यात.

बरं, आता त्या डब्याकडे येऊ. मी काही सगळ्या पावडरींना विष म्हणत नाही. क्रिएटिन बंदीच्या यादीत नाही, कॅफीनही नाही. भीती डब्यावर लिहिलेल्याची नाही, न लिहिलेल्याची आहे. ऑलिंपिक समितीच्या मदतीने जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये तेरा देशांतल्या अशा पावडरी-गोळ्यांचे 634 नमुने तपासले होते. त्यातल्या 94 मध्ये न लिहिलेले स्टेरॉइड हार्मोन निघाले. आणि 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी आपल्या बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासून अभ्यास छापला, तर जवळजवळ सत्तर टक्क्यांमध्ये प्रोटीनचा लिहिलेला आकडा खरा नव्हता. काहींत बुरशीचं विषही होतं. एवढे पैसे देऊन हे?

डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे, असं तू म्हणशील. असू दे. तो खाद्यपदार्थ विकायचा परवाना आहे, 'यात बंदीचं काही नाही' अशी हमी नाही. खरंच कधी पावडर घ्यावी लागली, तर प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेली असते असे 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हे शिक्के बघ. नुसता शिक्का नको, त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या डब्याचा बॅच क्रमांक टाकून बघ. बिल जपून ठेव, झाकणाचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढ, आणि संपत आला की थोडी पावडर डब्यातच राहू दे. पुढे काही निघालंच तर तोच तुझा पुरावा. व्यायामाआधी घ्यायचं ते झिणझिण्या आणणारं पेय, चरबी जाळणाऱ्या गोळ्या, वजन उतरवणारा 'आयुर्वेदिक' चहा, हे तिन्ही प्रकार शिक्का असला तरी घ्यायचे नाहीत, माझं ऐक. वजन उतरवायच्या औषधांत सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडतं, जे आपल्या देशात 2011 पासूनच बंद आहे. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या घेऊन वजनकाट्यावर उभं राहणाऱ्या कबड्डीतल्या मुली मी बघितल्यात. त्या गोळ्याही बंदीत आहेत, आणि मे महिन्याच्या आपल्या उन्हात त्या जीव घेऊ शकतात.

आणि स्टेरॉइड मिसळलेलं काही पोटात गेलं, तर मुलीच्या शरीराचं काय होतं ते कुणी सांगत नाही. पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येतात, आवाज घोगरा होतो. गोळी बंद केली तरी तो आवाज पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही.

मग खायचं काय? हिशोब करू. तू पन्नास किलोची, तुला दिवसाला साधारण सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम प्रोटीन पुरेल. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. दोन ग्लास दूध, बारा-तेरा. सोयाबीन वडी कोरडी पन्नास ग्रॅम घेतलीस तर पंचवीसच्या वर. दोन वाट्या वरण तेरा-चौदा, मूठभर शेंगदाणे सात. झालं की! भात, पोळी अजून मोजलीच नाही. आपला तर तलावांचा मुलूख, मासे मिळाले की त्या दिवशी सोयाबीनला सुट्टी. भाताला घाबरू नको, धावणाऱ्या पोरीला भातच पळवतो. सरावानंतर तासाभरात भात-वरण-अंडं पोटात गेलं तर कुठल्याही शेकची गरज नाही.

आता थकव्याचं. तू म्हणतेस पाय जड होतात, चौथ्या फेरीला दम लागतो. ते प्रोटीनमुळे नसेलही. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. तेव्हा आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपास. आणि आपल्या गोंदिया-गडचिरोली भागात सिकलसेल आहे, म्हणून तीही तपासणी एकदा करून घे. लोहाच्या गोळ्या त्याआधी आपल्या मनाने सुरू करू नकोस. सिकलसेलचा आजार असेल, वरचेवर रक्त चढवावं लागत असेल, तर शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. आणि नुसती वाहक निघालीस तर खेळ सोडायचा नाही. फक्त सरांना सांगायचं, पाणी पीत राहायचं, उन्हात एकदम जोराचा सराव करायचा नाही, आणि पायात विचित्र गोळे आले तर तिथल्या तिथे थांबायचं.

'आपल्या जिल्ह्यात कोण येतंय तपासायला' असं म्हणू नकोस. 2023 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच मुलगा उभा राहिला. अशी शर्यत कुणाच्याच नशिबी येऊ नये. 2024 मध्ये देशात 7,113 नमुने घेतले, त्यातले 260 बंदीच्या द्रव्यांचे निघाले. खेलो इंडियाला पोचलीस की चाचणीसाठी तुझा नंबर कधीही लागू शकतो.

आणि लागला तर काय होतं, तेही ऐकून ठेव, म्हणजे भीती जाईल. एक बाई येऊन नाव विचारेल, ओळखपत्र दाखवेल, आणि मग तुझ्यासोबतच राहील. नमुना देताना बाईच समोर असते. ती बघते, तो नियम आहे. लाज वाटते, पण तिला रोजचंच आहे ते. नव्वद मिली लागते. होईना म्हणून दोन लिटर पाणी ढोसू नकोस, नमुना पातळ निघाला की पुन्हा बसवतात. दोन बाटल्या तू स्वतः निवडायच्या आणि त्यांवरचे क्रमांक कागदाशी ताडून बघायचे. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिही, पॅरासिटामॉलसुद्धा. तुझ्या लहान बहिणीसारखी अठराच्या आतली असेल, तर सोबत मोठं माणूस नेता येतं. सही करण्याआधी सगळं वाच. घाई कुणी केली तरी वाच.

जमेल तुला हे सगळं. जी पोरगी चारशे मीटरच्या फेऱ्या मनात मोजू शकते, तिला बाटलीमागची अक्षरं वाचणं काय अवघड आहे? सोमवारी सराव झाला की केटीएस रुग्णालयात जा आणि मी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या करून घे. तो डबा सील न फोडता दुकानात परत ने, बिल सोबत ने, आणि तो दुकानदार कुरकुरला तर मला फोन लाव, मी येते. रिपोर्ट आला की आधी मला दाखव, मग सरांना. आणि येताना त्याच पैशांतली दोन डझन अंडी आण, लहानीलाही होतील.