घाटातलं वळण आणि न सुटणारं उदाहरण

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राचं उदाहरण अडलं, की मुलं लगेच सूत्र धुंडाळायला लागतात. खरं तर सूत्राची पाळी फार उशिरा येते. एक उदाहरणच घेऊ. तोरणमाळच्या घाटात असतं तसं वळण, रस्ता आडवा सपाट, त्रिज्या २० मीटर. टायर आणि रस्ता यांचा घर्षणगुणांक ०.५, पिकअप २००० किलोची (आकडे सोयीसाठी घेतलेत). न घसरता ती जास्तीत जास्त किती वेगाने वळेल?

आधी पेन खाली ठेवा आणि प्रश्न घरच्या बोलीत सांगा. नंदुरबार-धडगावकडच्या मुलांच्या घरी अहिराणी, पावरी, मावची बोलतात आणि पुस्तक इंग्रजीत असतं. पुष्कळदा अडतं ते वाक्यापाशी. ‘गाडी घसरायच्या बेतात आहे’ एवढं उमगलं, की घर्षणाने आपली कमाल मर्यादा गाठलीय हे कळतं.

मग आकृती, चांगली अर्ध्या पानाची. पृथ्वी गाडीला खाली ओढते, रस्ता वर रेटतो आणि तोच रस्ता घर्षणाने तिला वळणाच्या केंद्राकडे ढकलतो. बस्स, तीनच बाण. प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण लावतंय? नाव सांगता येत नसेल तर बाण खोडा. ‘बाहेर फेकणारं बल’ इथेच गळतं. ते गाडीत बसलेल्याला जाणवतं. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून गणित करतोय. निम्मी उदाहरणं या एका जादा बाणापायी बिघडतात, असं माझं मत आहे.

आता न्यूटनचा दुसरा नियम, एकेका दिशेला. उभ्या दिशेत त्वरण नाही, म्हणून रस्त्याचा रेटा वजनाइतका, आणि कमाल घर्षण म्हणजे घर्षणगुणांक गुणिले हा रेटा. केंद्राच्या दिशेने लागणारं बल, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, एकटं घर्षण पुरवतं. आकडे अजून घालू नका. दोन्हीकडचं वस्तुमान उडतं आणि उरतं ते असं: वेगाचा वर्ग = घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. २००० किलो लागलेच नाहीत! आकडे आधीच कोंबले असते तर हे दिसलं नसतं.

०.५ × ९.८ × २० = ९८. वेग सुमारे ९.९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर.

उत्तर आलं तरी तपासा. एककं जुळतात का? घर्षण शून्य धरलं तर वेगही शून्य येतो, पटतं. पावसात गुणांक ०.२ धरला तर वेग ताशी साडेबावीसवर उतरतो. (उंच माल रचलेली गाडी घसरण्याआधी उलटूही शकते. ते उदाहरण वेगळं, पण करून पाहण्यासारखं.)

अडलात तर एच. सी. वर्मांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’मधलं सोडवलेलं उदाहरण कागदाने झाका आणि एकेक ओळ उघडत जा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर तेच पुन्हा सोडवा. तिथे अडलात, तर ते अजून तुम्हाला येत नाही.