इंदूर ते मुंबई : अंतर किती?

भूगोलाच्या तासाला आम्ही एक साधाच प्रश्न विचारला : इंदुराहून मुंबई किती दूर आहे? उत्तरे तीन आली. एकाने 830 किलोमीटर सांगितले, दुसऱ्याने 585, तर तिसऱ्याने नकाशावर पट्टी ठेवून 500 च्या जवळपास. वर्गात हशा पिकला. परंतु तिन्ही उत्तरे स्थूलमानाने बरोबरच होती. पहिले लोहमार्गाचे, दुसरे आग्रा-मुंबई रस्त्याचे आणि तिसरे विमानाचे.

हे तिसरे अंतर कोणाही विद्यार्थ्यास घरी काढता येईल. इंदूरचा विमानतळ 22 अंश 43 कला उत्तर अक्षांशावर व 75 अंश 48 कला पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा 19 अंश 5 कला व 72 अंश 52 कलांवर. अक्षांशांतील फरक 3 अंश 38 कला. साठ कलांचा एक अंश आणि अंशास सुमारे 111 किलोमीटर धरले, की दक्षिणोत्तर अंतर 403 येते. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे परस्परांजवळ सरकत जातात. म्हणून आपल्या भागात रेखांशाच्या एका अंशास 104 च किलोमीटर भरतात, आणि 2 अंश 56 कलांचे 305 होतात. आता काटकोन त्रिकोण काढावा. कर्ण सुमारे 505 किलोमीटर! पायथागोरसचा सिद्धांत परीक्षेपुरताच असतो असे मानणाऱ्यांनी हे ताडून पाहावे.

मग आगगाडीच सव्वातीनशे किलोमीटर अधिक का धावते? वाटेत विंध्याचा कडा, नर्मदेचे खोरे आणि सातपुडा उभे आहेत. गाडी त्यांना बगल देऊन रतलाम, वडोदरा, सुरत अशी पश्चिमेकडून जाते. रस्ता खलघाटाला नर्मदा ओलांडून बिजासन घाटाने महाराष्ट्रात उतरतो. (आपला विमानतळ ज्या बिजासन टेकडीजवळ आहे, ती निराळी.) मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2024 साली मंजुरी दिली; तो पुरा झाल्यावर वर्गातील पहिले उत्तर बदलावे लागेल.

वेळेचे गणित अधिक फसवे आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाने 505 किलोमीटरांस 38 मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. विमान धावपट्टीपर्यंत जमिनीवरून हळूहळू जाते, पूर्ण वेग उंचीवर गेल्यावरच घेते, आणि उतरण्यापूर्वी तो पुन्हा कमी करते. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. पावसाळ्यात तर विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

अशा वेळी कोणी म्हणेल, पाऊण तास इकडे की तिकडे, बिघडले कुठे? प्रवाशाचे फारसे बिघडत नाही. परंतु दात्याचे हृदय शरीराबाहेर काढल्यावर नेहमीच्या पद्धतीने, थंड ठेवून, सुमारे चार तासच टिकते. इंदुरातून दात्यांचे अवयव परगावी नेण्यासाठी रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता 2015 पासून प्रसंगी मोकळा केला जातो. हे ऐकून एका मुलीने आम्हांस विचारले, “गुरुजी, चार तासांत आगगाडी कुठवर जाईल?” बारा तासांत 830, म्हणजे चार तासांत पावणेतीनशे किलोमीटर. तिने नकाशा उघडला आणि दाहोदजवळ बोट ठेवले.