किडनी नवी, पण हृदय तेच : मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची काळजी



नेसरीत नववीच्या वर्गात उत्सर्जन संस्था शिकवून झाली आणि एका मुलीने हात वर केला. "सर, माझ्या बाबांना आजीची किडनी बसवलीय. आता ते बरे झाले ना? मग दवाखान्यात गेलं की डॉक्टर बीपीचं आणि छातीचंच का विचारत बसतात?"

प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. आपण रक्ताभिसरण एका वेळी शिकवतो आणि उत्सर्जन दुसऱ्या वेळी. मुलांच्या डोक्यात हृदय एका खोलीत आणि मूत्रपिंड दुसऱ्या खोलीत राहतं. प्रत्यक्षात दोघांचं घर एकच आहे. आजचा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितो आहे.

१. हृदय आणि मूत्रपिंड यांचे नाते

आधी थोडं गणित करू. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. म्हणजे दिवसाला सुमारे 7200 लिटर. यातला साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे 1440 लिटरच्या आसपास, दोन्ही मूत्रपिंडांतून जातो. त्यातून सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात घेतला जातो. लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर.

मूत्रपिंड नुसती गाळणी नाही. शरीरात मीठ आणि पाणी किती ठेवायचं हे ते ठरवतं. रेनिन नावाचं द्रव्य सोडून ते रक्तदाबही सांभाळतं. म्हणूनच मूत्रपिंड बिघडलं की रक्तदाब चढतो, आणि रक्तदाब चढलेला राहिला की मूत्रपिंड आणखी बिघडतं. हे दुष्टचक्र आहे.

२. प्रत्यारोपणाआधीच झालेले नुकसान

मूत्रपिंड निकामी झालेला माणूस प्रत्यारोपणापर्यंत पोहोचतो तेव्हा बऱ्याचदा काही वर्षं आजारात गेलेली असतात. अंगात पाणी साठल्याने आणि दाब जास्त राहिल्याने हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. रक्तात फॉस्फरस वाढल्याने धमन्यांमध्ये कॅल्शियम साचून त्या कडक होतात. रक्त कमी झाल्याने हृदयाला जास्त पळावं लागतं. अनेकांचं मूत्रपिंड मुळात मधुमेहाने किंवा उच्च रक्तदाबाने गेलेलं असतं, आणि हे दोन्ही आजार हृदयाचेही वैरी आहेत.

शस्त्रक्रियेत नवीन मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुनी मूत्रपिंडं बहुधा जागेवरच राहतात. नवं मूत्रपिंड कामाला लागतं, चेहऱ्यावर तेज येतं. पण हृदय आणि बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच असतात, मागच्या वर्षांचा घाव घेऊन बसलेल्या. डायलिसिसवर राहण्यापेक्षा प्रत्यारोपणानंतर हृदयाचा धोका कमी होतो हे खरं. तरी तो निरोगी माणसाइतका कमी होत नाही. मूत्रपिंड उत्तम चालू असताना रुग्ण दगावतो, त्याच्या प्रमुख कारणांपैकी हृदयविकार हे एक आहे.

३. जी औषधे वाचवतात, तीच जपायला लावतात

23 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. पुढे 1990 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, मूत्रपिंड दिले होते. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. आपल्याला कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे रोनाल्ड पुढे गणिताचे शिक्षक झाले. एका मूत्रपिंडावर ते 2010 पर्यंत, वयाच्या 79 व्या वर्षापर्यंत जगले.

ते दोघे एकसारखे जुळे होते, त्यामुळे शरीराने ते मूत्रपिंड परकं मानलं नाही. बाकी सगळ्यांना शरीराचा विरोध दाबून ठेवणारी औषधं मूत्रपिंड टिकेपर्यंत घ्यावी लागतात. या औषधांची दुसरी बाजू अशी :

• स्टिरॉइड : रक्तदाब, साखर आणि वजन वाढू शकते.
• टॅक्रोलिमस : साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. आधी मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो.
• सायक्लोस्पोरिन : रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढू शकते.

म्हणून ही औषधं सोडायची का? अजिबात नाही! ती सोडली तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारतं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि त्यांचे परिणाम वेळच्या वेळी तपासत राहायचं, हाच मार्ग आहे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातली गोळी अनेकांना याच कारणासाठी देतात.

४. घरात काय पाळायचं?

1) रक्तदाब : प्रत्यारोपण झालेल्या बहुतेक प्रौढांसाठी 130/80 च्या खाली हे लक्ष्य धरतात. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. मोजताना पाच मिनिटं शांत बसावं, पाय जमिनीला टेकवावेत, हात हृदयाच्या पातळीत ठेवावा. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केलाय, त्या हातावर पट्टा बांधू नये.

2) मीठ : दिवसाला एकूण 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. आपल्याकडे तांबडा रस्सा, खर्डा, लोणचं, पापड यांतच तो चमचा संपतो. सैंधव हेही मीठच आहे. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. टॅक्रोलिमस घेणाऱ्यांत ते धोकादायक पातळीवर वाढू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय वापरू नये.

3) दुखण्याच्या गोळ्या : अंग दुखलं की मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची सवय मोडावी. त्या मूत्रपिंडाला मारक आहेत आणि रक्तदाबही वाढवतात.

4) न विचारता काही नको : पपनस, झाडपाल्याची औषधं, काही अँटिबायोटिक गोळ्या यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बदलू शकते. ही पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची असते.

5) तंबाखू बंद : विडी, सिगारेट, मावा, मिश्री सगळंच. गूळही साखरच आहे हे मधुमेहींनी विसरू नये.

6) चालणं : डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज अर्धा तास.

धोक्याची खूण : छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दम लागणं, दरदरून घाम. मधुमेही माणसाला कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसता दम लागतो. "ॲसिडिटी असेल" म्हणत सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा आणि प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगावं.

५. वर्गासाठी कृती

मुलांना घरातल्या एका मोठ्या माणसाचा रक्तदाब सात दिवस, सकाळ-संध्याकाळ नोंदवून आलेख काढायला सांगावा. गणित, विज्ञान आणि घरची काळजी एकाच पानावर येते. यंत्र नसेल तर आरोग्य केंद्रात मोजून आणावा.

ही कृती दिली आणि त्या मुलीच्या वहीत आकडे आले 158, 162, 156. चौथ्या दिवशी वडील स्वतःच शाळेत आले. "गुरुजी, आईनं किडनी दिली, बरं वाटायला लागलं. म्हटलं आता कशाला बीपीच्या गोळ्या? दोन महिने बंदच केल्या होत्या." नवं मूत्रपिंड जपण्याच्या गोळ्या तेवढ्या चालू होत्या. मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणालो, "ही वही घेऊन उद्याच्या उद्या दवाखान्यात जा."

ते गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता वही रोज भरते आणि सही आजी करते. ती म्हणते, "माझी वस्तू तुझ्याकडं ठेवायला दिलीय, हिशेब मला दाखवायचा."

पालकांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा कुणी असेल तर त्याला फक्त "किडनी कशी आहे?" असं विचारू नका. "बीपी किती आहे?" हेही विचारा.