खांदेरीचा दीप

कर्जत तालुक्यातील पोशीर गावातून समुद्र दिसत नाही. तेथील मुलांचा नित्याचा सहवास भातखाचरांशी आणि सह्याद्रीच्या डोंगरांशी. परंतु पोशीर नदीचे पाणी उल्हास नदीस मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीतून सिंधुसागरास जाऊन भेटते. ज्या रायगड जिल्ह्यात हे गाव आहे, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, अलिबागजवळील थळ गावासमोर, समुद्रात खांदेरी नावाचे एक खडकाळ बेट आहे. त्या बेटावर १८६७ सालापासून एक दीपगृह उभे आहे.

बेटाचा इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना. १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे रुचले नाही, कारण खांदेरी ज्याच्या हाती, त्याची नजर मुंबई बंदराच्या तोंडावर! त्यांनी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली. मराठ्यांच्या होड्या लहान व उथळ बांधणीच्या होत्या. रात्रीच्या अंधारात त्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोहोचवीत. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढविला आणि त्यांचे 'डोव्हर' नावाचे गलबत पकडले. पुढल्या वर्षाच्या प्रारंभी इंग्रजांनी हात आखडता घेतला. गंमत अशी, की ज्या बेटावर किल्ला होऊ नये म्हणून इंग्रज झगडले, त्याच बेटावर पुढे त्यांच्याच राज्यात गलबतांना वाट दाखविणारा दिवा लागला.

दिव्याची निकड मोठी होती. या किनाऱ्यालगत पाण्याखाली कित्येक खडक लपलेले आहेत. दिवसा अनुभवी तांडेल किनाऱ्यावरील डोंगर, देवळे व माडांच्या राया यांवरून आपले ठिकाण ओळखतो. पण काळोखात या खुणा नाहीशा होतात. म्हणून कुलाब्याच्या दक्षिणेकडील प्राँग्ज खडकावर १८७५ साली आणखी एक दीपगृह बांधण्यात आले. टॉमस ऑर्मिस्टन हा त्याचा अभियंता. दूरच्या देशांतही हीच कथा आढळते. कॅरिबियन समुद्रातील जमेका बेटाच्या टोकावर १८४१ साली मोरँट पॉइंटचे ओतीव लोखंडाचे दीपगृह उभारले गेले.

दीपगृह इतके उंच का असते? पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा दिवा क्षितिजाखाली दडतो. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरील दिवा समुद्रपातळीवरून सुमारे १८ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. हे अंतर दुप्पट करावयाचे, तर उंची चौपट, म्हणजे १०० मीटर करावी लागते! परंतु उंची पुरेशी नाही. प्रकाशही दूर फेकला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील फ्रेनेल या शास्त्रज्ञाने काचेच्या अनेक वर्तुळाकार कड्या एकाभोवती एक बसवून एक मोठे भिंग सिद्ध केले. दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड या भिंगामुळे एका झोतात गोळा होतो. भिंग फिरू लागले, की दूरच्या नाविकाला ठरावीक अंतराने चमक दिसते. प्रत्येक दीपगृहाच्या चमकांची रीत वेगळी ठेवलेली असते. तांडेल चमका मोजतो, मधला काळ मोजतो आणि आपण कोठे आहोत हे जाणतो.

पूर्वी हे सारे माणसांच्या हातांवर चाले. दिव्यात तेल घालणे, काचा पुसणे आणि भिंग फिरविणाऱ्या यंत्राला चावी देणे, ही कामे दीपपालाला पाऊस असो वा वादळ, चुकत नसत. पावसाळ्यात समुद्र खवळला, की होड्या बंद होत आणि असे बेट जगापासून तुटून पडे.

तथापि दीप वाट दाखवितो, वादळ थोपवीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट भर दिवसा तुफानात सापडून काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

१९९८ साली खांदेरीला सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत खांदेरीही आहे. बेटावर कोळी बांधवांचा श्रद्धेय वेताळ आहे, आणि आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक दगडही आहे.