त्वचाचाचणी आणि ॲलर्जीची गोळी

पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळेच. एवढे करून “गोळी चालू आहे, आज चाचणी होणार नाही” असे ऐकावे लागले, तर रुग्ण पुन्हा जाईलच असे नाही. म्हणून रुग्णाला पाठवण्यापूर्वी आपण कार्यकर्त्यांनी हा धडा नीट समजून घ्यावा.

चाचणीत काय होते?
हातावर धूळ, परागकण, मासे, शेंगदाणे अशा पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून हलके टोचतात. ॲलर्जी असेल तर त्वचेतील पेशींतून हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते व डास चावल्यासारखी गांध उठते. ती 15 ते 20 मिनिटांनी मोजतात.

गोळी आड कशी येते?
सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन ही औषधे हिस्टामीनचेच काम अडवतात. त्यामुळे ॲलर्जी असूनही गांध उठत नाही. हे ओळखण्यासाठी नुसत्या हिस्टामीनचाही एक थेंब टोचतात. तोही उठला नाही, तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत. हे लक्षात आले नाही, तर “ॲलर्जी नाही” असा चुकीचा निकाल हाती येतो. मग रुग्ण तोच पदार्थ निर्धास्तपणे खातो आणि जिवावर बेतू शकते.

पाठवण्यापूर्वी काय करावे?
1. घरातील सर्व गोळ्या, बाटल्या व रिकामी पाकिटे सोबत न्यायला सांगावे. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत क्लोरफेनिरामिन असते. अमिट्रिप्टिलीनसारखे मनाच्या आजाराचे औषधही चाचणीत आड येते.
2. कोणती गोळी किती दिवस बंद ठेवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात. आपल्या मनाने काहीही बंद करू नये.
3. दम्याचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीही थांबवू नये.
4. गोळीशिवाय राहवतच नसेल, तर रक्ताच्या तपासणीविषयी विचारावे. तिच्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही.

मांटू चाचणी वेगळी
क्षयरोगासाठी हातावर टोचून 48 ते 72 तासांनी पाहतात, ती मांटू चाचणी. तिथे सूज हिस्टामीनमुळे नव्हे, तर शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जमल्यामुळे येते. म्हणून सेटिरिझिन घेतली आहे एवढ्या कारणाने ही चाचणी पुढे ढकलू नये. मात्र बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याची सूज दबू शकते. ती माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

बैठकीत चर्चेसाठी
1. आपल्या पाड्यावर सर्दी-खाजेच्या गोळ्या लोक कुठून आणतात? त्यांचे नाव त्यांना ठाऊक असते का?
2. वाचता न येणाऱ्या रुग्णाला औषधाचे पाकीट जपून ठेवायला कसे शिकवाल?