पुस्तक घरी वाच, बोटीचं धक्क्यावर विचार

पोरी, अंदमानचं ठरवलंच आहेस तर विमानाच्या मागोमाग बोटीची तिकिटं काढ, मग हॉटेलं बघ. पण या सगळ्याच्या आधी एक चांगलं प्रवासपुस्तक आण. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणशील. मिळतं, पण तुकड्यातुकड्यांनी. एक जण किनारा दाखवतो, दुसरा जेवणाचं ताट. कोणतं बेट कोणाच्या शेजारी, बोट कुठून कुठं जाते, हे एका नजरेत कळतं ते पुस्तकाच्या नकाशावर.

पुस्तक घेताना दुकानात उभ्याउभ्याच त्याची परीक्षा घे. अख्ख्या भारताचं किंवा महाराष्ट्राचं असेल तर त्यात आपला मुलूख काढून वाच. आपली धर्मापुरी सापडली नाही तरी राग धरू नको, परळी तर असणारच. वैद्यनाथ ज्योतिर्लिंग परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद जुना आहे. लेखकाने दोन्ही दावे सांगितले असतील तर माणूस जबाबदार आहे असं धर. आणि धर्मापुरी असलीच तर केदारेश्वराबद्दल काय लिहिलंय ते बघ. चालुक्यांच्या काळातलं देऊळ, बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी, एवढं तरी यायला हवं. त्याऐवजी गोदाकाठचा नरसिंह दिसला तर समज, लेखक तेलंगणातल्या धर्मापुरीत शिरला. आपल्याला ज्या गावची खडान्‌खडा माहिती आहे तिथं जो चुकतो, त्याच्या भरवशावर न पाहिलेल्या बेटावर कशाला जायचं?

दुसरी परीक्षा सालाची. आतल्या पानावर आवृत्ती छापलेली असते, पण नुसत्या पुनर्मुद्रणालाही नवी आवृत्ती म्हणणारे आहेत, म्हणून अंदमानातल्या जागांची नावं बघ. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं ते डिसेंबर 2018 मध्ये. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं सप्टेंबर 2024 मध्ये. लोकांच्या तोंडी जुनी नावं अजून आहेत, तेव्हा वहीत दोन्ही लिहून ठेव, नाहीतर एकच बेट दोन समजून दोनदा पैसे भरशील. ‘तिथं इंटरनेट जवळजवळ नाहीच’ असं लिहिलेलं दिसलं तर पुस्तक ऑगस्ट 2020 च्या आधीचं. तेव्हा चेन्नईहून समुद्राच्या तळातून केबल गेली. तरीही लहान बेटांवर नेटचा भरवसा धरू नको. नकाशाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू दे आणि एक झेरॉक्स पर्समध्ये.

जुनं पुस्तक म्हणजे रद्दी नव्हे. इतिहास, किनाऱ्यांचा स्वभाव, कोणत्या महिन्यात समुद्र खवळतो, हे जुन्यातही चांगलं मिळतं. मे ते सप्टेंबर पाऊस, मग ईशान्य मोसमी वाऱ्याच्या सरी, आणि डिसेंबर ते एप्रिल हा जाण्याचा काळ, हे काही दरवर्षी बदलत नाही. भाडं, बोटीच्या वेळा, कोणतं ठिकाण कोणत्या वारी बंद, यांच्यावर मात्र पेन्सिलीने काट मारायची आणि तिथं विचारायचं. छापताना खरी असलेली वेळ तू पोचेपर्यंत खरी राहील असं नाही.

आता नकाशा उघड. पुस्तकात एकेका बेटाचं वेगळं प्रकरण असतं, त्यामुळे माणूस प्रत्येक बेट पाहून मुक्कामाला पोर्ट ब्लेअरला परततो. हॅवलॉक आणि नील शेजारी आहेत, त्यांच्यात थेट बोटी चालतात. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण केलास तर एक फेरी वाचते. सरकारी बोट स्वस्त, पण जागा मिळेलच असं नाही. खासगी महाग, पण घरबसल्या तिकीट निघतं. आणि हवामान बिघडलं की दोन्ही रद्द. पुस्तकात हे वाक्य कुठंतरी बारीक अक्षरात असतं, त्याच्याखाली लाल रेघ मार. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोचलेलं असलंच पाहिजे. त्याच दिवशी बोट आणि विमान जोडू नको, कितीही हुशार एजंटाने सांगितलं तरी.

शाळेत पोरांना रेखांश शिकवले, ते इथं कामाला येतात. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे सोळा रेखांश पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथं तासभर आधी, घड्याळ मात्र सारखंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त बघायचा तर चारलाच वाळूवर असावं लागतं. तुझ्या पोराला दुपारी झोपवून सावकाश निघालीस तर अंधारच बघशील.

भरती-ओहोटीबद्दल पुस्तकं फार तर ‘ओहोटीला जावे’ एवढं सांगतात. पुढचं काम आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयाचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओहोटीही खोलवर जाते. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हलत नाही. नीलवरच्या लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत ओहोटीतच नीट जाता येतं, म्हणून तिथला दिवस तिथी बघून ठरव. ओहोटी रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा नेमकी वेळ हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचार. त्या बेटावर भरतपूर, सीतापूर, रामनगरही आहेत, सगळं रामायण एका दिवसात उरकतं.

एका बाबतीत मात्र पुस्तकालाच नापास कर. बाराटांग बेटाच्या वाटेवर जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. ‘वाटेत आदिवासी दिसतील’ असं आमिष दाखवणारं पुस्तक किंवा टूरवाला असेल तर तो सोड. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं गुन्हा आहे. आणि माणसं म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलसाठी वेगळं वाचन. सावरकर तिथं 1911 ते 1921 कैदेत होते. त्यांचं ‘माझी जन्मठेप’ आपल्या कपाटात आहे, निघण्याआधी निदान अंदमानचा भाग वाच. जेलच्या मूळ सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. पुस्तकातल्या वर्णनाशी जागा जुळवताना हे माहीत नसलं की गोंधळ उडतो. अंदमानचं प्रवासपुस्तक पारखायलाही हेच प्रकरण वापर. सावरकरांवर चार ओळी आणि बाकी कैद्यांवर एकही नसेल, तर लेखकाने तिथल्या भिंतीवरच्या नावांच्या पाट्याही वाचलेल्या नाहीत.

शंख, पोवळं, वाळू काही उचलू नको, विमानतळावर काढून घेतात. आणि प्रवासपुस्तक बोटीत उघडू नको. हलत्या बोटीत खाली मान घालून वाचलं की हमखास मळमळतं. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायचीच असेल तर निघण्याच्या अर्धा तास आधी, आणि नजर लांब क्षितिजावर.