काळ्या पडद्यावरची मराठी

राहतो देहूत, काम चाकणला. कारखान्यांच्या स्टोअरसाठी टर्मिनलवर चालणारे प्रोग्राम लिहितो. माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसते अक्षरांचे रकाने. त्यातून शिकलेल्या या काही गोष्टी.

१. आधी गेटवर उभं राहून बघा. माल उतरवून घेणाऱ्याच्या एका हातात चलन असतं, दुसरा हात कीबोर्डवर. पार्ट नंबर, एंटर, नग, एंटर. आठवड्याभरात हा क्रम बोटांना पाठ होतो. मी एकदा तो बदलला आणि दोन दिवस नगांच्या रकान्यात चलन नंबर पडत राहिले. तेव्हापासून क्रमाला हात लावत नाही.

२. मराठी अक्षरं मोजायची रीत वेगळी. ‘तुकाराम’ वाचायला चार अक्षरं. युनिकोडमध्ये उकार, काने सुटे धरून सात खुणा, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. मी बाइट मोजून रकाना आखला, तर नावापुढची उभी रेघ प्रत्येक ओळीत वेगळीकडे! पडद्यावर शब्द किती घरं घेईल याचा हिशोब आणखी निराळा: उकाराला घर नाही, कान्याला एखादं टर्मिनल देतं, एखादं देत नाही. म्हणून आता मोकळ्या जागा भरत बसत नाही. कर्सर थेट ठरलेल्या कॉलमवर नेतो, मगच रेघ काढतो. जमेल तिथे मराठी नाव ओळीच्या शेवटी ठेवतो.

३. माल नाकारला असेल, तर लाल रंगासोबत ‘नाकारला’ हा शब्दही लिहा. रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत.

४. प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी टर्मिनल पूर्ववत झालंच पाहिजे. नाहीतर टाइप केलेलं दिसत नाही. ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबायचं, हे रात्रपाळीच्या माणसाला कोण सांगणार?

५. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान असतं, देहूचे रस्ते भरून जातात. त्या दिवशी मी घरूनच, मोबाइलच्या नेटवर चाकणचं काम बघतो. पडदा रंगवणारी एनकर्सेस ही लायब्ररी बदललेली अक्षरंच पाठवते, त्यामुळे नेट मंद असलं तरी भागतं.

६. पडद्यावर देवनागरी नीट उमटवायचं कोडं जुनंच आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं, संगणकावर भारतीय लिपी आणणाऱ्या जिस्ट तंत्राचं काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलं आणि जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटली. आज बरीच टर्मिनल मुक्त स्रोताची आहेत, तरी जोडाक्षरं तुटतात. तुमच्या पडद्यावर शब्द तुटला, तर त्याचा फोटो काढून ते टर्मिनल लिहिणाऱ्यांना कळवा. मराठी वाचणारा त्यांच्यात बहुधा कुणी नसतो.